पोटात दुखतंय म्हणते

ता. २, सोमवार

आज कामावर रुजू झाले. विद्यापीठात! चौथीतून शाळा सोडलेली बाई विद्यापीठात, हे ऐकून शेजारच्या वहिनी चहा सांडेपर्यंत हसल्या. हसू देत. गळ्यात फोटोचं ओळखपत्र माझ्या आहे, त्यांच्या नाही. त्यावर ‘संशोधन सहाय्यक’ असं लिहिलंय. तीनदा वाचलं, दोनदा अडखळले.

तिसऱ्या मजल्यावर खोली आहे. एक टेबल, चार खुर्च्या, स्टँडवर कॅमेरा, जाड पडदे, कागदी रुमालांचा खोका. खाली दाराशी चाकाच्या खुर्च्यांसाठी उतार केलाय, पण इतका खडा की खुर्ची ढकलणाराच आधी दवाखान्यात जाईल. हे मी मॅडमना आल्या आल्याच सांगून टाकलं. मॅडम म्हणजे इथल्या प्राध्यापक, या कामाच्या मुख्य. त्या हसल्या आणि वहीत लिहून घेतलं. त्या सगळंच लिहून घेतात.

काम असं, की अपंग बायकांवर घरीदारी काय काय अत्याचार होतात याची पाहणी करायची. पायांनी अधू, डोळ्यांनी अधू अशांशी बोलायला दुसऱ्या मुली आहेत. माझ्याकडे बहिऱ्या. त्यातही ज्या कधी शाळेत गेल्या नाहीत, घरातल्या घरात बनलेल्या खुणांनी बोलतात, त्या. त्यांचं शिकलेल्या दुभाष्यांना कळत नाही. मला कळतं. माझी धाकटी बहीण जन्माची बहिरी होती, घरात तिची जीभ मीच. एकदा दवाखान्यात मी अशाच एका बाईचं दुखणं डॉक्टरला समजावत होते, ते मॅडमनी पाहिलं आणि मला उचललं.

मुकी म्हणायचं नाही, कर्णबधिर म्हणायचं, असं मॅडमनी शिकवलं. मी म्हटलं, धाकटीला आम्ही काहीच म्हणत नव्हतो, पायाने फरशी दणकावली की ती वळून बघायची.

आणि एक नियम. ‘ती म्हणते’ असं बोलायचं नाही. बाई हातांनी जे सांगेल ते ‘मी’ म्हणून बोलायचं. तुम्ही खोलीत नाहीच असं समजा, म्हणाल्या, तुम्ही फक्त तिचा आवाज. मी म्हटलं, हे सोपं आहे. घरीही मी नसल्यासारखीच असते. मॅडम हसल्या नाहीत.

ही वहीसुद्धा त्यांनीच दिली. काम जड आहे, रोज चार ओळी लिहा, कुणी वाचणार नाही. माझ्या चाळीस झाल्या.

ता. ४, बुधवार

पहिली बाई आली. नाव घ्यायचं नाही, तिला एक नंबर म्हणायचं. शिवणाच्या कारखान्यात काज-बटण करते. बोटं इतकी भरभर की मला दोनदा थांबवावं लागलं. तिचा दीर दाराला आतून कडी लावतो. मी तिच्यासाठी बोलले, ‘मी ओरडते. पण मला माझा आवाज ऐकू येत नाही. म्हणून मी खरंच ओरडले की नाही ते मला कळत नाही.’

कॅमेरा बघणारी मुलगी आहे, तिला मी चष्मेवाली म्हणते. तिने कानावरचे हेडफोन काढून ठेवले आणि रडत बाहेर गेली. मला काही झालं नाही. चहा प्यायले. चहात साखर कमी होती, तेही शिपायाला सांगितलं. तो म्हणाला, मावशी, विद्यापीठात साखर अर्ज केल्यावर मिळते.

फक्त हातांना मुंग्या आल्यात, मनगटाच्या खाली. सवय नाही म्हणून असेल.

ता. ७, शनिवार

आठवड्यात चार झाल्या. एकीला सासू खोलीत कोंडते, एकीचा भाऊच. मी दिवसभर ‘मला मारलं’, ‘मला ढकललं’ म्हणते आणि घरी येऊन भाजी निवडते. आत काही हलत नाही. चष्मेवाली म्हणते, मावशी, तुम्ही दगड आहात. म्हटलं, असू दे, दगडाला नोकरी टिकवता येते.

आमचे हे विचारत होते, तिथे नेमकं काय सांगतात बायका. मी म्हटलं, गुप्त असतं. तर बोटातली अंगठी फिरवत बसले. ती जुनी सवय आहे त्यांची. जाड अंगठी आहे, डाव्या हातात, विचारात पडले की गरगर फिरवतात.

धाकटीने त्यांचं नाव त्यावरूनच ठेवलं होतं, बोटात नसलेली अंगठी फिरवायची. आणि माझं नाव करंगळी दातात धरायची, कारण लहानपणी मी करंगळी चावायचे. या दोन खुणा तिच्या नि माझ्यातच होत्या. तिने बनवलेल्या, जगात दुसऱ्या कुणाला ठाऊक नाहीत. लग्नानंतर मी तिला माझ्याकडे आणलं होतं, आईला झेपत नव्हतं म्हणून. चार वर्षं राहिली. गच्चीवर कपडे वाळत घालताना पाय सरकला. अकरा वर्षं झाली त्याला.

हे कशाला लिहिलं कोण जाणे.

ता. १२, गुरुवार

आज पाच नंबर. लांबच्या गावची, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. मी तिला जन्मात पाहिलेलं नाही. नवऱ्याचं सांगत होती, नेहमीसारखंच. मध्येच थांबली, माझ्याकडे बघितलं आणि करंगळी दातात धरली.

मला वाटलं, खाज आली असेल. मग तिने अंगठी फिरवली. बोटात अंगठी नव्हती.

मॅडमनी विचारलं, काय म्हणतात त्या? टेप चालू होता. गप्प बसून चालत नाही. मी म्हटलं, ‘माझ्या पोटात दुखतंय.’

असंच तोंडातून आलं. मॅडमनी लिहून घेतलं.

ता. १६, सोमवार

सहा आणि आठ. दोघीही. एक शहरातली, एक कुठल्या टोकाची, एकमेकींना ओळखत नाहीत. करंगळी. अंगठी. मग दोन हातांनी ओली चादर झटकायची. मग डोक्याच्या वर बोट, म्हणजे गच्ची. हे सगळं धाकटीच्या पद्धतीने, मनगट आत वळवून. ती डावखुरी होती.

मी दोन्ही वेळा पोटात दुखतंय म्हटलं.

संध्याकाळी उकळत्या भांड्याला हात लावला. फोड आला. कळलंच नाही. डॉक्टर म्हणतात जीवनसत्त्वं कमी आहेत. गोळ्या दिल्यात, लाल.

ता. २०, शुक्रवार

मॅडम खुशीत आहेत. आमच्या पाहणीत नवीनच गोष्ट निघाली म्हणे, कर्णबधिर बायकांमध्ये अत्याचारानंतर पोटदुखी. सात जणींनी सांगितलं. कुठल्याच पुस्तकात नाही. अहवालात त्याला वेगळं प्रकरण करणार. बैठकीत सगळ्यांसमोर माझ्याकडे हात करून म्हणाल्या, हे या ताईंमुळे उजेडात आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आवाज आला, पण तळहात लागले नाहीत.

आईने पण विश्वास ठेवला होता. आई भेटायला आली होती तेव्हा धाकटीने तिच्यासमोर बसून हातांनी सगळं सांगितलं. आईला खुणा कधी जमल्या नाहीत. तिने मला विचारलं, काय म्हणते गं ही? मी म्हटलं, पोटात दुखतंय म्हणते. आईने गरम पाणी दिलं. धाकटी प्यायली.

तिसऱ्या दिवशी गच्ची.

मला तेव्हा घर मोडायचं नव्हतं. बस, एवढंच. त्यापेक्षा मोठं काही कारण नव्हतं.

ता. २४, मंगळवार

टेपवरून उतरवून काढलेलं बोलणं आणि चित्र जुळतं की नाही ते तपासायला एक मास्तर येतात. स्वतः बहिरे, बहिऱ्यांच्या शाळेतून निवृत्त झालेले. कागदावर लिहून बोलतात, अक्षर छापल्यासारखं. आज मला बाजूला घेतलं. लिहिलं, सात ठिकाणी पोटदुखी आहे, पण त्या सात जणींचे हात तेव्हा मांडीवर शांत आहेत.

मी लिहिलं, तुम्हाला घरगुती खुणा कळत नाहीत.

त्यांनी लिहिलं, उद्या या. दाखवतो.

ता. २५, बुधवार

पाहिलं. पाच नंबरचे हात मांडीवर. सहाचे, आठचे, सगळ्यांचे. त्या हलतच नाहीत, नुसत्या बघतात. चित्राच्या कडेला, अर्धे कापलेले, दोन हात बोलतायत. त्यांतल्या एकाची करंगळी वर जाते, माझ्या तोंडात जाते. नंतरच्या चित्रांत उजव्या हातावर भाजल्याचा फोड आहे.

माझे हात.

आणि त्याच वेळी माझा आवाज, पोटात दुखतंय.

मला बोलावण्याआधीच मास्तर त्या बायकांना भेटून आले होते, बहिऱ्याला बहिऱ्याचं कळतं. त्यांनी लिहिलं, ‘सातही जणी एकच सांगतात. आवाज देणारी बाई मध्येच आपलंच सांगू लागते. गच्ची, ओली चादर, मागून येणारा अंगठीवाला. आम्ही ऐकून घेतलं. तिचं ऐकणारं कुणी नसेल असं वाटलं.’

म्हणजे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्यांना ऐकू येतं ते सोडून.

सोमवारी दहा वाजता मॅडमना तुम्ही सांगा, नाहीतर मी देतो लिहून, असं मास्तर म्हणतात. त्यांनी खुर्ची दाखवली. बायकांची खुर्ची, कॅमेऱ्यासमोरची. मला तेवीस नंबर.

घाबरायला हवं होतं. मी जेवले, भांडी घासली.

ता. २७, शुक्रवार

कामावर गेले नाही. हात थांबत नाहीत. टॉवेलात गुंडाळले. टॉवेलात बोलतात. डावा जास्त.

आधी वाटलं, सवय लागली. पण मी डावखुरी नाही —

ता. २८, शनिवार. सकाळ.

नवरा दारात उभा होता. किती वेळ, माहीत नाही. मी खिडकीशी बसलेले, हात मांडीवर, चालू. तो खुणा कधी शिकला नाही. पण चार वर्षांत एक ओळखायला लागला होता. स्वतःची.

त्याने विचारलं, "काय म्हणतेय ती?"

काय करतेयस तू, असं नाही. ती.

मी म्हटलं, "पोटात दुखतंय म्हणते."

त्याने अंगठी फिरवली. माझा फोन घेऊन गेला. दुरुस्तीला देतो म्हणाला. फोन चांगला होता.

ता. २९, रविवार. दुपार.

त्याने आज स्वतः चादरी धुतल्या. बावीस वर्षांत पहिल्यांदा. गच्चीवर गेलाय. वरून हाका मारतोय, चांगल्या आवाजात. वर ये, दुसरं टोक धर.

बाहेरच्या दाराला कुलूप. किल्ली त्याच्याकडे —

उद्या दहा वाजता खुर्ची —

आधी लिहून ठेवते. डावा हात सांगतोय. उजवा लिहितोय. नियमाप्रमाणे. मी म्हणूनच.

मी चादर झटकत होते. मागे कोण आलं ते मला ऐकू येत नाही. पायाखाली फरशी हलते, तेवढंच कळतं. आधीही आला होता. खूपदा. करंगळीवालीला मी सांगितलं होतं. तिने माझे हात धरून ठेवले. घट्ट. म्हणजे माझं तोंड दाबलं —

फरशी हलतेय —

आईलाही सांगितलं. आईच्या समोर बसून, सगळं, गच्ची, अंगठी, सगळं. आईने ताईकडे बघितलं. मी पण बघितलं. ताईला वाटायचं मला ओठ कळत नाहीत. थोडे कळायचे. मी वाट बघत होते, ताई आता सांगेल. ताईचे ओठ हलले. पोटात —