न भरलेल्या खोबणी

अप्पा,

काल वर्गात टेबलावर दोन जबडे ठेवले होते. खरे नव्हेत, प्लास्टरचे. आपल्या लाखो वर्षांपूर्वीच्या पूर्वजांची हाडं जमिनीत दगड होऊन सापडतात, त्यांवरून बनवलेले. मी कॉलेजात हेच शिकवते. एका जबड्यात एकही दात नाही, आणि दातांच्या खोबणी हाडानं भरून सपाट झाल्यात. म्हणजे दात गेल्यावरही तो म्हातारा बरेच दिवस जगला. त्याला कुणीतरी मऊ करून भरवत असणार. दुसऱ्या जबड्याच्या खोबणी उघड्याच. तो बोटांनी चाचपत पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, ह्याला कुणी सांभाळलेलं दिसत न्हाय." असं म्हणता येत नाही. उघडी खोबण एवढंच सांगते की हाड भरायला वेळ मिळाला नाही. माणूस मेल्यावरही दात गळतात. हे तिला तिथंच न सांगता मी जबडे आवरले. तास तसाच संपवला.

तंबाखूनं तुमचा गाल आतून खाल्ला होता. किरणांचा शेक द्यायच्या आधी डॉक्टरांनी खालचे सगळे दात काढले. त्यानंतरचं आपलं स्वयंपाकघर मला दिसतं. तुम्ही भिंतीला टेकून बसलाय. अव्वा ज्वारीची भाकरी दुधात कुस्करते, फडक्यातून गाळते. तुम्हाला शेंगाचटणी हवी असते, तिखट तर जराही सोसत नाही. म्हणून ती नुसते दाणे लोण्यासारखे वाटून त्यात कालवते. पुढं गालाला भोक पडलं. भरवलेलं तिथनंच बाहेर यायचं. अव्वा पदरानं पुसायची आणि पुन्हा चमचा भरायची. एका दुपारी तुम्ही तोंड फिरवलंत. "अवो, एवढा घास घ्या की," ती म्हणाली. तुम्ही जड जिभेनं म्हणालात, "पुरे आता. तू जेव." ती जेवली नाही. वाटी मांडीवर घेऊन तुमच्याकडं बघत बसली. त्याच आठवड्यात तुम्ही गेलात, आणि आपल्यात करतात तसं तुम्हाला कुंभारी गावातल्या आपल्या शेतात बसवून पुरलं.

अजून तिथंच आहात. कुणी कधी उकरलं, तर तुमच्याही खोबणी उघड्या सापडतील; शेकलेलं हाड लवकर भरत नाही. बघणारा त्या मुलीसारखंच म्हणेल. अव्वा हाडात कुठंच दिसणार नाही.

आज मी त्या मुलीला बोलावून हे सगळं सांगितलं. मग तिनं विचारलं, "अव्वा, म्हंजे तुमच्या आई, हायत का, मॅडम?" मी नाही म्हणाले.

हे पाठवायला पत्ता नाही, म्हणून मनातलं एक सांगून टाकते. कवटीवरून माणूस कसा दिसत असेल ते मी पोरांना शिकवते. भिंतीवर तुमचा फोटो आहे, हार घातलेला. पण अप्पा, डोळे मिटले की आजाराच्या आधीचा तुमचा चेहरा मला आठवत नाही.