हुरडा शेवटच्या दिवशी

२५ डिसेंबर, बुधवार. संध्याकाळी ६.४०

मांजरसुंब्याजवळच्या शेतघरावर पोचलो. जागा छान. फोटोत झोपाळे दोन होते, इथे एकच. (दुरुस्ती: दुसराही आहे, त्याची साखळी तुटली आहे. उगाच अन्याय नको.)

ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. या पाच दिवसांत एक काम करायचं आहे. स्वप्नालीला सांगायचं की आई-बाबा वेगळे होतायत. विजयमाला तिला घेऊन संभाजीनगरला भावाकडे राहणार, मी पुण्यात. दोघांनी मिळून सांगायचं, पण शब्द माझे, कारण बोलण्यात मी बरा. कधी? ज्या दिवशी हुरडा खाऊ त्या दिवशी. विस्तवाभोवती बसलं की मूल मोकळं होतं, हा माझा मुद्दा विजयमालाने मान्य केला. स्वप्नाली बारा वर्षांची आहे.

माझा अंदाज असा की सांगायची वेळच येणार नाही. पाच दिवस तिघं एकत्र, रोज सहल, मोबाइलला रेंज नाही. शेवटी विजयमालाच म्हणेल, जाऊ दे. म्हणून हुरडा शेवटच्या दिवशी ठेवला आहे. वेळापत्रक टाइप करून आणलं होतं, ते दाराला चिकटवलं.

शेताची राखण मुंजाजी आणि सारजाबाई करतात. साठीचं जोडपं, चौदा शेळ्या. मुंजाजी वेळापत्रक बघून म्हणाले, सायेब, हुरडा आदी खा की. पेरा लवकर झालता. दाणा दोन दिस कवळा राहील, लई तर तीन. मी म्हणालो, प्लॅन ठरलाय. ते म्हणाले, कणसाला कुठं ठाव हाय तुमचा प्लॅन.

गमतीशीर माणूस.

२६ डिसेंबर, गुरुवार. रात्री ९

कपिलधार. सहल यशस्वी.

धबधब्याबद्दल मी वाटेत जरा जास्त बोललो होतो. डिसेंबरात एवढंच पाणी असतं हे लक्षात घ्यायला हवं होतं. स्वप्नाली म्हणाली, बाबा, आपल्या सोसायटीची टाकी ओव्हरफ्लो झाली की याच्यापेक्षा जास्त पडतं. विजयमाला हसली. नोंद करण्यासारखी गोष्ट.

देवळात अभिषेक केला. पुजारी म्हणाले, जोडीनं बसा. ताई, सायबांच्या हाताला हात लावा. तिने लावला. अकरा मिनिटं. (दुरुस्ती: हात नाही, दोन बोटं, कोपराला. आणि मधे एकदा ओढणी सावरायला काढली होती.) तरी कुणी बळजबरी केली नव्हती. बोटं उबदार होती. मी स्वतःला विचारलं, यातून मी जास्त अर्थ काढतोय का? प्रामाणिक उत्तर: नाही.

स्वप्नाली समोर बसून आमच्याकडे बघत होती. डोळे लाल. कापराचा धूर गेला असणार.

परतल्यावर विजयमालाने हळूच विचारलं, सोमनाथ, उद्या हुरडा करूया का? मी म्हणालो, उद्या उमापूर आहे.

२७ डिसेंबर, शुक्रवार. रात्री ९.१५

उमापूर. दोन तास गाडी. लग्नानंतरचं पहिलं वर्ष आम्ही तिथे होतो, माझी बँकेतली पहिली नेमणूक. खोलीसमोर आता मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे, पण मालकीणबाई गीताबाई तशाच. विजयमालाला पाहून त्यांनी तिचे दोन्ही गाल हातात धरले. स्वप्नालीला म्हणाल्या, ही तुजी आई याच ओट्यावर बसायची गं, हे सायेब बँकेतून येईपतुर. सात वाजायचे, आठ वाजायचे. भाकरी गार व्हायची. मी म्हणायचे, पोरी, तू तरी खाऊन घे. तर न्हाई. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, लई वाट बघाय लावली हो तुमी हिला.

वीस वर्षांनी परक्या बाईच्या लक्षात राहावं असं आमचं प्रेम होतं. गाडीत मी हे बोलून दाखवलं. दोघी आपापल्या खिडकीबाहेर बघू लागल्या. भावना अनावर झाल्या की असं होतं.

संध्याकाळी सारजाबाईने एक कणीस चोळून दाणे माझ्या तळहातावर ठेवले. म्हणाली, दादा, आजचा दिस बरा हाय. उद्याचं मी सांगू शकत न्हाई. दाणे गोड होते. प्लॅन बदलावासा क्षणभर वाटला. पण एकदा बदलला की शिस्त गेली.

२८ डिसेंबर, शनिवार. दुपारी ४

वेळापत्रकात ‘परिसर भ्रमंती’ होती. सकाळी उठलो तर मुंजाजींनी न विचारता हुरड्यासाठी आगटी खणून ठेवलेली, गोवऱ्याही रचलेल्या. विजयमाला त्यांच्याशी बोलत उभी. मी चटकन परिसर वाढवला आणि सगळ्यांना मांजरसुंब्याच्या ढाब्यावर नेलं.

तीन तास बसलो. स्वप्नालीने विचारलं, बाबा, तुला काही सांगायचंय का? मी म्हणालो, हो, इथली शेवभाजी प्रसिद्ध आहे. ती म्हणाली, दुसरं काही? मी आणखी एक शेवभाजी मागवली. कुणी खाल्ली नाही. ती बांधून घेतली.

आज एक शंका आली, ती लिहिलीच पाहिजे. मी टाळतोय का? दोन्ही बाजूंनी विचार केला. टाळत नाही. योग्य वेळ राखतोय.

२९ डिसेंबर, रविवार. दुपारी ३

हुरडा.

मुंजाजींनी विस्तवात कणसं खोचली, फिरवली, बाहेर काढली. सारजाबाई हाताने चोळू लागली. दाणे सुटेनात. सुटले ते टणक. मी एक चावला तर दात वाजला. मुंजाजी शांतपणे म्हणाले, निबर झाला, सायेब. याचा आता हुरडा होत न्हाई. आणि मग, बहुतेक माझा चेहरा बघून, ते दोघं शेळ्यांकडे बघायला गेले. शेळ्या तिथेच झाडाखाली बांधलेल्या होत्या.

विजयमाला म्हणाली, सोमनाथ. एवढंच.

मी सुरुवात केली. ज्वारीच्या जातींबद्दल बोललो. मग पेरणीच्या तारखांबद्दल. मग थांबलो.

स्वप्नालीने माझ्या हातातलं कणीस काढून घेतलं. माझी बोटं काळी झाली होती, ती तिने स्वतःच्या फ्रॉकला पुसली. मग आम्ही स्वप्नालीला सगळं सांगितलं. तिने समजूतदारपणे घेतलं.

दोघी मांजरसुंब्याहून बसने संभाजीनगरला जातायत. आता मुक्काम मामाकडेच. मी थांब्यापर्यंत सोडायला निघतोय. स्वप्नालीने वेळापत्रक दारावरून सोडवून घडी करून दप्तरात ठेवलं. सेलोटेपही फाटू दिला नाही.

३० डिसेंबर, सोमवार. पुणे. सकाळी ७

रात्री पोचलो. घर जसं सोडलं होतं तसंच.

सारजाबाईने निबर कणसांची पिशवी गाडीत ठेवली होती. म्हणाली, दादा, वाईट वाटून घेऊ नका, वाळवून दळून आणा, भाकरी तर हुईल. पिशवी ओट्यावर आहे. मला भाकरी येत नाही.

कालच्या नोंदीत एक चूक राहिली आहे. ती दुरुस्त केल्याशिवाय वही मिटवत नाही.

दुरुस्ती: स्वप्नालीला आम्ही सांगितलं नाही. तिने मला सांगितलं. माझी बोटं पुसता पुसता म्हणाली, बाबा, मला दिवाळीपासून माहितीय. तिकडची शाळासुद्धा बघून आलेय. आई म्हणाली, बाबा सांगणार आहे, तोपर्यंत तू बोलू नकोस, त्याला बरं वाटेल. मग मी रोज वाट बघत होते.