प्रार्थनेत गाळलेलं नाव

इडवल, खुर्ची जवळ ओढ, या चिठ्ठीत एक गोष्ट सांगते. चॅपलमध्ये सांगायला तुला लाज वाटते ती.

रविवारी दयेवर बोलता बोलता उपदेशकांचा सूर चढला, ते प्रवचन गाऊच लागले, तेव्हा सगळ्यांत मोठं ‘आमेन’ तुझं होतं. सोमवारी आपला मुलगा गेथिन भिजून दारात आला, तर तू आतून कडी घातलीस. ‘नशा उतरली की ये,’ म्हणालास. नुसती नशा नाही ती. त्याच्या कानात माणसं बोलतात, त्यांना गप्प करायला तो सुई टोचून घेतो.

आज सकाळी तो पुलाखाली सापडला. जिवंत आहे. मी इस्पितळात चालले. तू येऊ नकोस, तुला पाहून तो घाबरतो. शेजारच्या मेगनला आता ‘तो कॅनडात मजेत आहे’ असं सांगू नकोस, तिच्याच मुलानं त्याला उचलून इस्पितळात नेलं.

मटणाचं सूप केलंय, गरम करून घे.

चॅपलमध्ये आजाऱ्यांची नावं तूच वाचतोस. मेगनच्या मांजराचंसुद्धा वाचलंस! या रविवारी देवापुढे गेथिनची आठवण कर. तू त्याचं नाव गाळलंस, तर मी चॅपलच्या वरच्या गॅलरीत उभी राहून ते उपदेशकांच्याच सुरात गाईन.

नेस्टा