दुसऱ्या पायातला वाळा

माय, तू गेलीस तवा मी सातवीत होते. तवापास्नं पेन हातात धरला तो सहीपुरताच. अक्षर वाकडं आलं तर हसू नको. तुला तर वाचाय येतच नव्हतं, आन् तरी मी तुलाच लिवायलेय, कारण हे वाचाय येणाऱ्या कुणाला सांगायची माजी हिंमत न्हाई.

तुज्या जावयाला तू बगितलं न्हाईस. मानवतला भंगाराचा गाडा फिरवतेत. माणूस चांगला हाय, हसरा हाय. दोन वर्साखाली त्यायच्या भंगारात एक मशीन आली. लांब दांडा, खाली ताटलीवानी चकती. जमिनीवरून फिरवली की खाली लोखंड, तांबं, चांदी काय बी असलं तरी कुईं करून वाजती. दांडा मोडल्याला, वायर तुटल्याली. ह्यायनं वायर जोडली, दांड्याला फडकं गुंडाळलं, सेल घातले आन् मला म्हणले, घे, तुला जमिनीत बगायचा लय शौक हाय. त्यायला वाटलं चार दिसाची मजा हाय. पहिल्याच दिवशी मी घरामागच्या उकिरड्यावर फिरवली तर बैलाची नाल निघाली, दुसऱ्या दिवशी मेंढराच्या गळ्यातलं घुंगरू, आन् मंग एक काळा पडल्याला पैसा. चिंचंनं घासला तर त्याच्यावर चारमिनार. निजामाच्या टायमाचा. त्या दिवशी चुलीवरची डाळ करपून कोळसा झाली. जावई तुजा ताटावर बसून हसत म्हणतो, "लोकाच्या बायका रानातनं तण काढत्यात, माजी खिळे काढती." मी बी हसले. तवा हसण्यावारीच होतं.

पर माय, हा नाद मला मशीनीनं लावला न्हाई, तूच लावलास. लहानपणी माज्या डाव्या पायात चांदीचा वाळा होता आन् उजवा पाय मोकळा. पोरी चिडवायच्या, म्हणायच्या हिची माय अर्धीच हौशी हाय. मी रडत येऊन तुला इचारलं, दुसरा कुठं गेला? तू चुलीम्होरं बसून भाकरी थापायलीस. हात थांबला न्हाई तुजा. "हरवला," एवढंच म्हणलीस. कुठं हरवला ते सांगितलं न्हाईस. मला वाटलं, हरवला म्हंजे पडला असंल कुठंतरी वाटंत, धुऱ्याबांधावर, हापशापाशी. मी सापडवीन. तवापास्नं मी खाली बगत चालाय लागले. वाळा काय घावला न्हाई, पर दुसरं लय घावलं. कुणाचं जोडवं, पितळंची गुंडी, लाखंचा मणी. तू ते समदं पानाच्या डबीत ठेवायचीस. माजा वाळा वाकवून वाकवून मोठा केलास, आन् पायात मावंना तवा तो बी त्याच डबीत टाकलास. डबी माज्याजवळ हाय. लेक झाली तवा तोच वाळा परत वाकवून बारीक केला आन् तिच्या पायात घातला. ती बी एकाच पायानं वाजत हिंडती.

तुला आठवतं का, खुरपायला जाताना मी मागं राहिले होते त्या दिवशी? मला मातीत काय तरी चमकल्यालं दिसलं, मी उकरत बसले, तू मला हुडकत माघारी आलीस. रानात पोचायला उशीर झाला आन् मालकिणीनं तुला बायांच्या वळीतनं उठवून माघारी धाडलं. मला वाटलं आता मार बसतोय. तू वाटंवरच्या दगडावर बसलीस, माजं तोंड पुसलंस आन् म्हणलीस, "जाताना न्हाई, येताना. जाताना कामाकडं बगायचं. येताना बग लागंल तेवढं, मी थांबते." आन् खरंच थांबायचीस. दिवसभर वाकून कंबर मोडल्याली, डोक्यावर गवताचा भारा, तरी मी दहा पावलाला थांबले की तू बी थांबायचीस. पर तू कधी खाली बगायची न्हाईस, माय. माज्याकडंच बगत उभी राहायचीस. मला हे आता कळायलंय.

मशीन आली तवा मी हाच नियम धरला होता. धुणं, भाकरी, लेकीचं समदं उरकायचं, मंग घटकाभर मशीन. वर्सभर धकलं. मंग हळूहळू घटकाभराचं दोन घटका झालं. लेक कडंवर घेऊन एका हातानं मशीन फिरवायले. कधी तिला शेजारणीकडं सोडलं, येते पाच मिंटात म्हणून, आन् शेजारीण दिवाबत्तीच्या टायमाला लेकरू घेऊन दारात उभी. त्या कुईं आवाजाचं कसं असतंय, तुला कसं सांगू. कानात वाजला की मागचं काय ऐकू येत न्हाई.

गेल्या चैतात मी काकूकडं आले होते, आपल्या रानीसावरगावला. तुज्या तुकड्यात आता काका कापूस लावतो. पऱ्हाट्या उपटून टाकल्या होत्या, त्या जळणासाठी गोळा करायला मी गेले. लेकीला लिंबाच्या फांदीला झोळी बांधून टाकलं, दूध पिऊन झोपली होती. आन् पऱ्हाट्याला हात लावायच्या आधी मशीन घेतली. म्हणलं एक फेरा मारू, सकाळचं ऊन हाय, मंग कामाला लागू. माय, ते जातानाच होतं. मला माहीत होतं ते.

धुऱ्यावरची बाभूळ तुला ठाव हाय. त्या बाभळीखाली तू कधी औत फिरवू दिलं न्हाईस. "तिथं दगड हाय, फाळ मोडंल," म्हणायचीस. दर पावसात तो धुरा खचत गेलाय, मुळ्या उघड्या पडल्यात. मी चकती नेली आन् मशीन वाजली. मी म्हणलं, दगडाला मशीन कशी वाजायली? मंग मी खुरप्यानं उकरलं. थोडं उकरलं की परत चकती धरायची, परत आवाज. किती वेळ गेला मला कळलं न्हाई. शेवटाला हाताला गोल काय तरी लागलं. काळं ठिक्कर. पदरानं पुसलं, थुंकी लावून पुसलं, आन् जोडापाशी सोनारानं मारल्याले तीन ठिपके दिसले. माज्या वाळ्यावर हायत तसलेच. माय, मी तिथं एकटीच हसले. मला वाटलं, घावला. तुज्या हातनं हरवल्याला वाळा मी इतक्या वर्सानं सापडवला. पदराला गाठ मारली आन् लेकीला घालायला पळत गेले.

लिंबाची सावली कवाच सरकली होती. झोळी उन्हात होती, पुरी उन्हात. आत लेक गप. अंग तव्यावानी तापल्यालं, ओठ वाळल्याले. हाक मारली तर डोळे उघडंना. मी तिला घेऊन कशी पळाले, चपला कुठं राहिल्या, कळलं न्हाई. काकानं मोटरसायकल काढली, काकू मागं बसली, आन् आमी गंगाखेडला गेलो. काकू चिठ्ठी काढायला थांबली, काका गाडी लावायला गेला, मी एकटीच आत. डॉक्टरीणबाई लेकीला बगत बगत इचारायली, लेकरू उन्हात होतं का, किती वेळ? आन् मी म्हणले, "उन्हात न्हाई बाई, घरातच होतं."

असं म्हणले मी. लेकीचा जीव जायला आल्याला आन् मी खोटं बोलले.

सलाईन लावलं. दुपार कलल्यावर तिनं डोळे उघडले. काकू तिचं तोंड पुसायला माजा पदर ओढायली, गाठ सुटली आन् वाळा फरशीवर पडला. काकूनं उचलला, उलटापालटा केला आन् तिथंच खाली बसली. "हा कुठनं काढलास?" मी म्हणले, बाभळीखालनं. काकू हळूच म्हणली, "अगं, तुज्या भावाचा हाय तो."

मला भाऊ होता हे मला तिथं कळलं, माय. माज्या आधीचा. तीन महिन्याचा होऊन गेला. वडील तवा कारखान्यावर ऊस तोडायला गेलते, त्यायला यायला आठ दिस लागले. तू आन् काकू, दोघींनीच त्याला बाभळीखाली ठेवलं. काकू म्हणली, दोनी वाळे काढून घे, पुढच्याला व्हतील. तू एक काढलास आन् दुसऱ्याला हात लावू दिला न्हाईस. म्हणलीस, ह्याच्याजवळ एक राहू दे, एक येणाऱ्याला. म्हंजे माजा वाळा त्याच्या जोडातला होता. आन् मी लहानपणभर वाटा धुंडाळत होते, आन् तू भारा डोक्यावर घेऊन थांबत होतीस.

आता पुढचं सांगते, ज्याच्यासाठी लिवायला बसले ते. काकू म्हणली, त्याचंच हे. त्याचा वाळा काढला म्हणून त्यानं लेकराला धरलं. काकाला पटलं. फोनवर तुज्या जावयाला सांगितलं, त्यायला बी पटलं. मला कुणी एक शब्द बोललं न्हाई. उलट माज्याच पाठीवरून हात फिरवले, बिचारीला काय ठाव. तिसऱ्या दिवशी लेक खेळाय लागली, तवा वाळा धुऊन परत त्याच जागी पुरला. दहीभात ठेवला, लिंबू ठेवलं. काकू जमिनीकडं बघून जरा दरडावूनच म्हणली, "तुजं तुला दिलं बाबा. आता पुन्हा हिला हात लावू नको." मी शेजारी लेक घेऊन उभी. त्यानं हात लावलाच नव्हता, माय. ऊन होतं ते. मी होते. तीन महिन्याचं तुजं लेकरू, तू त्याच्या पायातला वाळा सुद्धा काढू दिला न्हाईस, आन् त्याच्या माथी मी माजा गुन्हा मारला आन् गप राहिले.

मशीन आता खुंटीला हाय. सेल काढून डबीत टाकलेत. टाकून दे म्हणून जावई म्हणत न्हाईत, आन् मी बी म्हणत न्हाई. खोटं कशाला बोलू तुज्याशी, आठवड्यातनं एकदा सेल घालते. समदं काम उरकून, ते घरी असले, लेक त्यायच्या मांडीवर असली की. येताना. तरी दर दोन मिंटाला मागं वळून बगते, सावली कुठं गेली ते. त्यायला खरं सांगावं म्हणून कितीदा तोंड उघडलं. ते हसून बगतेत माज्याकडं आन् माजं तोंड मिटतं. पुन्हा लेक माज्याजवळ सोडणारच न्हाईत, असं भ्या वाटतंय.

हा कागद डबीत ठेवीन, चारमिनारच्या पैशाखाली. तिथं कुणी बगत न्हाई.

लेक आता बोलाय लागलीय. काल उंबऱ्यावर बसून तिनं आधी वाळ्याचा पाय हलवला, मंग मोकळा पाय माज्याम्होरं धरला आन् इचारलं, "हितला?" मी भाकरी थापायले होते. हात थांबला न्हाई माजा. हरवला, म्हणले. सकाळपास्नं ती अंगणात खाली बगत चालायलीय.