घर आवरलं तिथंच फसले

धाकटे, थोरलीचे तुला पोटभर आशीर्वाद.

सगळ्यात आधी टपकली ती घरवाटप कचेरीतली बाई, नाक वर करून. मागून तिचा साहेब, बूट न काढता थेट आत! या नव्या गावात सरकारी घर मिळणाऱ्यांना एक खोली द्यायची की दोन, ते हेच ठरवतात. मेले!

पाहुणे यायचे म्हणून मी आमची पत्र्याची खोली लख्ख केली होती. अंथरुणं शेजारणीकडे टाकली, तिन्ही नातवंडांना सुनेबरोबर बाहेर पिटाळलं. घरात उरलो मी नि मुलगा. साहेब म्हणतो, "आजी, इथं दोनच माणसं दिसतात. एक खोली पुरे."

"अहो, सहा आहोत!"

बाई फिस्सकन हसली. "सगळे असंच सांगतात."

आणि यांना मी चहा पाजला गं!

काळजी करू नकोस, मी मजेत आहे. सून बोलत नाही, एवढंच. तुझे गुडघे काय म्हणतात?

मी दारात उभी राहून असा आवाज चढवला, की साहेब पुन्हा यायला कबूल झाला. आता केरसुणीला हात लावणार नाही. सहाही जणांना अंथरुणांवर बसवणार. त्या बाईला पाय ठेवायला जागा मिळाली तर नाव बदलीन! गुरुवारी सकाळी येतो म्हणालेत.

तुझी थोरली