अंजनाबाईंच्या हवाली माझी तक्रार

मी, सौ. दिव्यानी प्रफुल पिंपळशेंडे, वय सत्तावीस, धंदा शिवणकाम, राहणार मौजा सोनटेकडी, तालुका गोंडपिपरी, जिल्हा चंद्रपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दबावाशिवाय, स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला मागे जोडला आहे. अक्षर वाकडेतिकडे दिसेल, पण ते भीतीने नाही. मंगळवारपासून मला आनंदाने धड बसवत नाही. आधीचे दोन कच्चे मसुदे मी फाडले आहेत, म्हणून हेच पहिले आणि शेवटचे समजावे.

येत्या सोमवारी मी नागपूरला दाखल होते. माझ्याच रक्तातल्या पेशी काढून ठेवणार, जबर औषध देणार आणि मग त्या पेशी परत देणार. बहुतेक रुग्ण यातून नीट बाहेर येतात, असे डॉक्टर म्हणाले. "बहुतेक म्हणजे किती?" हे मी त्यांना दोनदा विचारले. त्यांनी दोन्ही वेळा खरे उत्तर दिले. म्हणून हा कागद.

माझे वडील गुणवंतराव निखाडे यांनी शाळेच्या आधी घरीच, कोठीच्या फळीवर खडूने, मला अक्षरे शिकवली. ते म्हणत, "पाह्यलं ते पाह्यलं म्हणून लिही, आइकलं ते आइकलं म्हणून." खाली तसेच लिहिले आहे.

१. घर व शेत. माझ्या नावावर काही नाही. नमुन्यात रकाना होता म्हणून लिहिले.

२. शिलाई मशीन माझी आई चंदा हिला द्यावे. पायडल डावीकडे ओढते, तेल घालावे. तीन ब्लाऊज अर्धे आहेत. मापे चिठ्ठीवर टाचली आहेत. ते पूर्ण करूनच द्यावेत, अर्धे परत करू नयेत. बचत गटातील माझी रक्कमही आईचीच.

३. माझी तक्रार. ही माझी खरी मिळकत आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

जून २०२३ मध्ये माझ्या मानेत आवळ्याएवढी गाठ आली. ९ जूनला एका खासगी दवाखान्यात छातीचा एक्स-रे काढला. दवाखान्याचे नाव तक्रारीत आहे, इथे लिहीत नाही. तिथल्या डॉक्टरांनी फिल्म खिडकीकडे धरली, टीबी म्हणाले आणि गोळ्या दिल्या. गाठीचा तुकडा तपासला नाही. मी एकही गोळी चुकवली नाही. गाठी वाढल्या, तेव्हा गोळ्या वाढवल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये नागपूरला तुकडा तपासला आणि लसिकाग्रंथींचा कर्करोग निघाला. लवकर सापडला तर बहुधा बरा होणारा. माझा चौदा महिन्यांनी सापडला, तोवर तो पोटापर्यंत उतरला होता.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने मला फी न घेणाऱ्या वकील दिल्या, ॲड. संघप्रिया रामटेके. बाईमाणसाला हा हक्क आहे. मला ठाऊक नव्हते. हा कागद वाचणाऱ्या बाईला ठाऊक असावे. त्यांनी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. दवाखान्याने लेखी उत्तर दिले की, ही बाई आमच्याकडे प्रथम मे २०२४ मध्ये आली, त्याआधीचा कोणताही एक्स-रे नाही. माझ्याकडच्या चिठ्ठ्यांवर ना शिक्का होता ना तारीख. कागद मी पिशवीत जपते, पण फिल्म पिशवीत मावेना म्हणून कपाटावर ठेवली होती. ती तिथे नव्हती. ही चूक माझी.

मंगळवारी वकीलबाईंचा फोन आला. "दिव्यानी, फिल्म नाही तर आपलं म्हणणं हवेत राहते." मी रडत होते. माझ्या सासूबाई अंजनाबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी विचारले,

"कोणती फिलम? काळी, फासळ्यायची?"

"हो, आई."

"ते त खुराड्याले ठोकली मी. मांजर जाऊ नाई अन् आत उजेडही पडला पायजे."

"आई! वर्षभर शोधून राह्यलो आम्ही!"

"मले कोणं विचारलं? तुमी कपाट शोधता. कोंबड्यायले कोण विचारते?"

खुराड्याच्या दाराला चार खिळ्यांनी माझी छाती ठोकलेली होती. कोपऱ्यात माझे नाव, वय, दवाखान्याचे नाव आणि ९-६-२०२३. फिल्मचे पाकीट, आतल्या पावतीसकट, चुलीत गेले होते. मी ओरडले, मग नाचले. हे मी स्वतः केले, ऐकीव नाही. वकीलबाई फोनवर किंचाळल्या, "धुऊ नका! पुसू नका! आधी फोटो काढा, पंचांना बोलवा!" पाच पंचांसमोर पंचनामा झाला. कोंबडा दोनदा मध्ये आला. गुरुवारी नागपूरच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी ती फिल्म पाहून लिहून दिले की छातीच्या मधली सावली तेव्हाच रुंद होती आणि पुढची तपासणी तेव्हाच व्हायला हवी होती. आता १२ डिसेंबरची तारीख लागली आहे.

४. मी नसले तर ही तक्रार कोणी चालवावी. वकीलबाई सांगतात की तक्रारदार गेली तरी वारस किंवा कायदेशीर प्रतिनिधी ती पुढे नेऊ शकतो. आयोग कोणाला मानील हे त्या आज सांगू शकत नाहीत, पण माझी इच्छा लेखी असावी. ती अशी.

माझे पती प्रफुल यांनी ती चालवू नये. ते वाईट नाहीत. नागपूरला माझे डोके मांडीवर घेऊन सहा सहा तास बसले आहेत. पण दवाखान्याचा माणूस समझोत्याचा कागद घेऊन आला तेव्हा ते म्हणाले, "सही करून टाक ना, काऊन डोकं लावतं? इलाजाले पैसे येतीन." त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. पण त्या कागदावर लिहिले होते की निदानात कोणतीही चूक झाली नाही. शेजारच्या गावातल्या दोघीजणी मानेत गाठ घेऊन त्याच दवाखान्याच्या त्याच गोळ्या खात होत्या. माझी फिल्म सापडल्यावर त्यांनी तुकडा तपासायला दिला आहे. चूक झाली नाही असे मी लिहून दिले, तर त्यांनी कोणता कागद दाखवायचा? म्हणून चूक नाकारणारा कोणताही समझोता माझ्या नावाने होऊ नये, रक्कम कितीही असो.

ही तक्रार, फिल्म, पंचनामा आणि पिशवी मी माझ्या सासूबाई अंजनाबाई यांच्या हवाली करते. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यांनीच करावी. भरपाई मिळाली तर प्रफुल यांनी इलाजासाठी केलेले कर्ज आधी फेडावे, उरलेले त्या दोघींच्या तपासणीला द्यावे.

वाचणाऱ्याला नवल वाटेल, कारण अख्ख्या गावाला आमचे पटत नाही हे ठाऊक आहे. जुलै २०२३ मध्ये, भातलावणीच्या दिवसांत मला रोज संध्याकाळी ताप येत असताना, त्या शेजारणीला म्हणाल्या, "रोवण्याचं काम नको म्हणून नाटक करून राह्यली." हे मी स्वतः ऐकले. ते मी विसरलेले नाही. त्यांनी माफी मागितलेली नाही आणि मागणारही नाहीत. नेमके हेच मला हवे आहे. धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, एका मोहाच्या झाडासाठी ही बाई अकरा वर्षे तहसीलच्या पायऱ्या चढली. साहेब बदलले, शेजारी थकला, सासरे गेले. झाड आज आमच्या बाजूला आहे. समझोत्याच्या माणसाने यांच्याही पुढे कागद ठेवला होता. त्या म्हणाल्या, "मले वाचता येत नाई. पन तू घामाघूम काऊन होऊन राह्यला, ते दिसते."

५. हे सर्व आज अंजनाबाईंना वाचून दाखवले. नाटकाची ओळ आली तरी त्या तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या,

"मेली तर काय, ते सारं लिवलं. जगली तर काय, ते कुठी आहे?"

"आई, मृत्युपत्रात ते लिहीत नाहीत."

"काऊन? कागद संपला काय?"

साक्षीसाठी आलेल्या वकीलबाई हसल्या आणि म्हणाल्या, लिहा. म्हणून लिहिते. मी जगले आणि उभी राहू शकले, तर आयोगासमोर माझी तक्रार मीच सांगेन. अंजनाबाई मागच्या बाकावर बसतील आणि मध्ये बोलणार नाहीत. शेवटचे तीन शब्द त्यांना मान्य नाहीत. "मी बोलन," असे त्या म्हणाल्या. पाहिले-ऐकले तेच लिहायचे असल्याने त्यांची हरकत नोंदवून सही करते.

सही: दिव्यानी प्र. पिंपळशेंडे

आमच्या डोळ्यांदेखत दिव्यानीने सही केली. आम्हांला या कागदातून काही मिळायचे नाही.
साक्षीदार: १. ॲड. संघप्रिया रामटेके, चंद्रपूर
२. बुधू सिडाम, ग्रामपंचायत शिपाई, सोनटेकडी

अंमलबजावणीची जबाबदारी मान्य: अंजनाबाई पिंपळशेंडे, डाव्या अंगठ्याचा ठसा (एक पुरेसा होता, त्यांनी दोन दिले)

स्थळ: सोनटेकडी. दिनांक: २२ नोव्हेंबर २०२५