चार बोटं लांब बाही

प्रिय दुभाषीणबाई,

आधी खुर्चीत नीट बस. आठवा महिना आहे, आणि मी रागावले आहे की नाही, हे तुला शेवटपर्यंत कळायचं नाही.

लग्न करून तिकडे गेलीस तेव्हा तुझा जुना टॅब माझ्या शिलाई मशीनवरच टाकून गेलीस. त्यात तुझे जर्मनचे धडे तसेच होते. रोज सकाळी टुणटुण वाजायचं, आजचा धडा राहिला म्हणून. दोन दिवस दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, याचं तोंड बंद करायला धडाच करून टाकू. मी चौथी नापास, पण सुई तिकडेही बाई आणि दोरा तिकडेही बुवा निघाला, तेव्हा जरा धीर आला. पुढे व्हिडिओवर एक टकलू मास्तर सापडला, फुकट शिकवणारा. माप घेतल्यासारखा सावकाश बोलतो, आणि कळलं नाही तर बोटाने मागे नेता येतो. तुझ्या आजोबांना ही सोय नव्हती. हळूहळू वाचलेल्या बातम्याही मिळतात, त्या मी काजं करताना ऐकते. एका शब्दकोशात तर शब्दापुढे भोंगा असतो. दाबला की एक बाई तो शब्द म्हणते, शंभरदा दाबला तरी वैतागत नाही. तू तिसऱ्यांदाच वैतागायचीस, म्हणून तुला काही सांगितलं नाही.

बाळासाठी कोट शिवून पाठवला, तो विहीणबाईंनी फोनसमोर उलटासुलटा करून पाहिला, आठवतंय ना? तू मला म्हणालीस, सासूबाईंना फार आवडला. पण माझा कपड्यांचा धडा ताजा होता. त्या म्हणाल्या होत्या, बाही चार बोटं लांब आहे, मूल येणार आहे की माकड. माकड मला प्राण्यांच्या धड्यातून ओळखीचं.

मग मी कान लावून बसायला लागले. मी म्हणायचे, विचार त्यांना, माझ्या पोरीला जेवायला वाढतात की नुसतं कुंड्यांना पाणी घालतात. तू सांगायचीस, आजी म्हणते झाडं सुंदर आहेत. त्या बिचाऱ्या आभार मानायच्या. दोन वर्षं तू दोन म्हाताऱ्यांना पाकात बुडवून ठेवलंस. मला वाटायचं, बाई चांगली आहे, पण मिळमिळीत.

मागच्या महिन्यात दार वाजलं म्हणून तू फोन टेबलावर टेकवून गेलीस. आम्ही दोघी समोरासमोर. मी जर्मनमध्ये म्हटलं, मूल वाढतं, हे कोटाला कळतं, तुम्हाला नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि अशा काही हसल्या की तू बाहेरून विचारलंस काय झालं. त्या तुला म्हणाल्या, काही नाही, खोकला. तेव्हाच मला बाई आवडली. आता दर मंगळवारी, तू कामावर असताना, आम्ही बोलतो. त्या माझी वाक्यं उसवतात, मी त्यांची शिवण.

अशाच एका मंगळवारी त्यांनी विचारलं, नातीच्या बाळंतपणाला यायला तुम्ही तयार का नाही. मी खुर्चीतून उठलेच. मला तर तू सांगितलं होतंस, सासूबाई म्हणतात एवढ्या लांब यायचा त्रास कशाला. आणि त्यांना सांगितलंस, आजीला प्रवास झेपत नाही. ‘त्रास कशाला’ हे तेव्हा ऐकून मी चार दिवस मशीनला हात लावला नव्हता. हे लिहायचं नव्हतं, लिहिलं गेलं. तुला वाटलं, एका घरात आम्ही दोघी भांडू आणि तू मध्ये सापडशील. वाटलं ते बरोबरच आहे. पाच वर्षांची होतीस तेव्हापासून माझ्या हाताखाली वाढलीस, मला ओळखतेस.

तर आता ऐक. हे पत्र मी विहीणबाईंच्या नावाने टाकलंय. मी पोचायच्या दिवशीच त्या ते तुझ्या हातात देतील, आणि तेव्हा गाडीची किल्ली शोधत असतील. कुठे निघालात म्हणून विचारू नकोस. माझं विमान साडेअकराला उतरतंय. तू यायचं नाहीस, पाय वर करून बसायचं. पाळणा खिडकीशी ठेवायचा की भिंतीशी, हे आमचं पहिलं भांडण ठरलेलं आहे, ते आम्ही येताना गाडीतच सुरू करू. तुझी दुभाष्याची नोकरी आजपासून गेली. तू फक्त सुखरूप बाळंत हो.

बाही मी आखूड करणार नाही.

तुझीच,
वाटेत असलेली आजी